रेणूचं बिंदगं

गावात माणूस नव्हतं.

पहिल्या गल्लीत गाडी घातली तेव्हा वाटलं, सकाळची वेळ आहे, येईल कुणीतरी बाहेर. दुसऱ्या गल्लीत हॉर्न वाजवून पाहिला. तिसऱ्या गल्लीत काच खाली करून चक्क ओरडले, "कुणी आहे का?" एरवी टपावर खांब आणि खांबावर चहूकडे भिंगं लावलेलं ते धूड घेऊन मी कुठल्याही गावात शिरले, की पोरं गाडीमागे धावायची आणि पारावरचे म्हातारे विचारायचे, "पोलिओवाले का?" इथे कुत्रंही भुंकायला तयार नव्हतं. घरोघर दाराला कुलूप, आणि प्रत्येक दारापुढे ताजा सडा आणि रांगोळी. घरं ओस असती तर काही वाटलं नसतं, पण ही घरं आत्ता, तासाभरापूर्वी, एकदम सोडून गेल्यासारखी दिसत होती.

त्या वर्षी माझी नोकरी फोटो काढण्याची होती. इंटरनेटवरच्या नकाशात एखाद्या रस्त्यावर बोट ठेवलं की आपण तिथे उभे असल्यासारखा तो रस्ता दिसतो ना, ते फोटो. गाडी चालवायची मीच, यंत्राकडे बघायचं मीच, आणि रस्त्यात टायर पंक्चर झाला तर शिव्या घालायच्या त्याही मीच. आमच्या कंपनीने तेव्हा आपत्तीत उद्ध्वस्त झालेल्या गावांचं काम हाती घेतलं होतं. जुन्या जागा पार बुजून जाण्याआधी त्यांचे रस्ते नकाशात यावेत, अशी कल्पना. कोकणातल्या दरडींचं काम उरकून मी मराठवाड्यात उतरले होते. भूकंपाला पंचवीसेक वर्षं होऊन गेली होती.

तांबरखेड दोन होती. एक हे नवं, सरकारने वसवलेलं, एकसारख्या घरांचं आणि घरांवर नंबर टाकलेलं. दुसरं ओढ्यापलीकडचं जुनं. तिथली दगडमातीची माळवदं पहाटेच्या झोपेत माणसांच्या अंगावर बसली आणि गाव तिथेच संपलं. उरलेल्यांनी नंतर तिकडे घर बांधलं नाही.

ऑफिसला फोन केला. "गावात कोणीच नाही," म्हटलं.

"मग बरंच की," पलीकडून उत्तर आलं. "गर्दी नाही, काही नाही. उरकून घे."

मी उरकून घेतलं. रिकाम्या गल्ल्यांमधून हळूहळू गाडी फिरवली, डोक्यावर यंत्र टिपत राहिलं आणि मग मी ओढ्याकडे वळले.

ओढ्याच्या पलीकडे गाडी जाण्यासारखी वाट नव्हती. अशा वेळी पाठीवर घ्यायचं वेगळं यंत्र असतं. पट्टे आवळून दप्तरासारखं चढवायचं, डोक्याच्या वर त्याचं गोल डोकं येतं आणि आपण चालत राहिलो की ते चारी बाजूंचे फोटो घेत राहतं. वजन चांगलंच. मी चढवलं आणि बाभळींतून आत शिरले.

दोन्ही बाजूंना दगडांचे ढीग, त्यांच्यामधून गेलेली गल्ली मात्र अजून गल्लीच. कुठे जातं अर्धं बाहेर आलेलं, कुठे नुसत्या पायऱ्या, वर काही नाही. मी भित्री नाही. एकटीने घाट ओलांडलेत, स्मशानालगत गाडी लावून झोपलेय. पण इथे चालताना माझा श्वास मलाच मोठा वाटू लागला. आणि तेवढ्यात वास आला.

लसणाच्या फोडणीचा.

मी जागच्या जागी थांबले. मागे जिवंत गावात चूल नाही, आणि इथे, जिथे पंचवीस वर्षं कुणी राहत नाही, तिथे कुणीतरी स्वयंपाक करत होतं. पुढच्या वळणावर दगडी चौकट उभी होती. दार नाही, वर छप्पर नाही, दोन्ही बाजूंची भिंत गुडघ्याएवढी उरलेली. फक्त ती चौकट ताठ. चौकटीच्या आत, उंबऱ्याला लागून एक बाई बसली होती. हिरवं जुनं लुगडं, कपाळावर हात धरलेला. माझ्या मागे ऊन होतं, त्यामुळे तिला माझं तोंड दिसत नसावं. पाठीवरचं यंत्र धरून मी दोन डोक्यांची दिसत असणार.

"रेनू?" ती म्हणाली. "आलीस व्हय गं?"

तिच्या आवाजात आश्चर्य नव्हतं. उशीर झालेल्या मुलीला विचारावं तसं तिने विचारलं होतं.

"नाही," मी म्हटलं. "मी संपदा. फोटो काढायला आलेय."

तिने हात खाली घेतला. मग मागे वळून म्हणाली, "अवो, बघा की कोण आलंय. पानी द्या."

मागे, एके काळी घराचा सोपा असावा अशा मोकळ्या चौकात, कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून खोपटी केली होती. तिच्यातून उंच, वाळकेसे एक गृहस्थ हातात पळी घेऊन बाहेर आले. माझ्याकडे बघून आधी दचकले आणि मग त्यांचं त्यांनाच हसू आलं.

"काय घेऊन आलाव ताई पाठीवर? मला वाटलं, भूतच आलं."

"मलाही तसंच वाटलं," मी म्हटलं. "गावात एक माणूस नाही आणि इथे फोडणीचा वास."

"मग! आज येळवस हाय की."

वेळ अमावस्या. त्या भागातला सण, आणि मी रत्नागिरीची. मला काय ठाऊक? त्या दिवशी घरदार बंद करून सगळं गाव शेतात जातं. कडब्याची खोप उभारतात, पाच दगडांना चुना लावून पांडव म्हणून पुजतात, भज्जी, उंडे, आंबील करतात आणि वाटेने जाणाऱ्या कुणालाही हाका मारून जेवायला बसवतात. नेमक्या त्याच दिवशी मी गाव टिपायला आले होते.

"म्हणजे सगळे शेतात आहेत?"

"सगळे. आमी दोघं, आन् तिकडं खालच्या आळीला तीन-चार घरं, इथं करताव." त्यांनी पळीने बाभळींमधून वर जाणारा धूर दाखवला. "ज्येंचं मानूस हितं ऱ्हायलं, ते हितं येतेत. जित्या गावात कुत्रं न्हाई, आन् मेल्या गावात चुली पेटल्यात. तुमचा फोटू मजेशीर येनार बगा."

त्यांचं नाव मन्मथ आप्पा. बाईंचं सोजरबाई, पण सगळा गाव सोजरमाय म्हणायचा. भूकंपात त्या तुळईखाली सापडल्या आणि कमरेखालचं अंग गेलं. तेव्हापासून चालणं नाही. पुतण्या दर वेळ अमावस्येला सकाळी टमटममधून दोघांना ओढ्यापर्यंत आणतो, तिथून आप्पा त्यांना पाठकुळी घेऊन या चौकटीपर्यंत येतात आणि सांजेला तसेच परत.

जेवल्याशिवाय उठायचं नाही, असा हुकूम झाला. मी यंत्र उतरवून बसले. भज्जी म्हणजे तेलात तळलेली भजी नव्हे, हे पानात पडल्यावर कळलं. सतरा भाज्या आणि ओले दाणे घालून केलेली ती घट्ट भाजी मी दोनदा मागून घेतली. आंबील गार आणि अशी चविष्ट, की तिसऱ्या वाटीला डोळे मिटायला लागले.

आंबील मातीच्या घड्यात आणलेली होती. तिकडे त्याला बिंदगं म्हणतात. काव लावून तांबडं केलेलं, त्यावर चुन्याचे पांढरे ठिपके. शेजारी तसंच एक अगदी लहान, पोराच्या हातात मावेल एवढं बिंदगं होतं. त्याच्या तोंडाला कापड बांधलं होतं. मी त्याला हात लावायला गेले.

"ते रेनूचं हाय," सोजरमाय म्हणाल्या. "घरात जितकी लेकरं, तितकी बिंदगी असतेत येळवसला. आमाला एकच. दरसाली मीच रंगवते."

आप्पा चुलीतलं लाकूड मागेपुढे करत होते.

"रेणू कुठे असते?" मी विचारून बसले, आणि विचारता विचारताच कळलं की विचारायला नको होतं.

"ते कुटं ठावं हाय?" सोजरमाय अगदी साधेपणाने म्हणाल्या. "आठ वर्सांची व्हती. मला सोलापूरच्या दवाखान्यात नेलं, मी शुद्धीत न्हवते. ह्येंनी लई हुडकली. गावली न्हाई. तवा पुन्या-मुंबईची मानसं आलती, आई-बाप न्हाईत अशी लेकरं संबाळायला नेली. डोक्याला मार लागून तिला नाव सांगता आलं नसंल. तुझ्याएवढीच आसंल बग आता."

मी चौतीस वर्षांची होते. आता कळलं मघाशी त्यांनी हाक का मारली.

"लेकरू नाव इसरंल," त्या म्हणाल्या, "पन घर इसरंल का? नव्या गावातलं घर तिनं बघितलंच न्हाई. हे बघितलंय. म्हनून मी दरसाली हितं येऊन बसते. आन् आता पुतन्या म्हनला की फोनात जगातला रस्ता दिसतोय म्हनून. तू तेच करायलीस न्हवं?"

"हो."

"मग हे घर दिसंल त्येच्यात?"

"दिसेल."

"आन् मी?"

इथे मला खरं सांगणं भाग होतं. "तुम्ही दिसाल मावशी, पण तोंड दिसणार नाही. फोटो लोकांसमोर जायच्या आधी कंपनीचं यंत्र फोटोतल्या सगळ्या माणसांची तोंडं झाकतं. पुसट करतं. कुणाची ओळख उघडी पडू नये म्हणून तसा नियमच आहे."

"सगळ्यांची?"

"सगळ्यांची. माणसाचं तोंड दिसलं की झाकायचं, असं शिकवलंय त्याला."

"ते बेस हाय," आप्पा चुलीकडे बघत म्हणाले. ते हळू बोलले, पण मला ऐकू आलं.

सोजरमाय विचारात पडल्या. मी म्हटलं, "मावशी, ती चौकट ओळखेल ना. चौकटीत बसलेली आई ओळखेल."

"बसलेली कशी वळखंल?" त्या एकदम म्हणाल्या. "ती व्हती तवा मी बसत नव्हते. उभी असायची हितं. शाळंतून यायची वाट बघत, चौकटीला हात लावून. बसलेली बाई म्हंजे तिला परकीच." मग नवऱ्याकडे वळून, "अवो, मला उभं करा."

"येडी का काय तू?"

"करा म्हन्ते न्हवं."

"सोजर, लागंल. डाक्टरनं..."

"एकदाच. ही बाई चालत जाईस्तोवर."

कंपनीचा नियम स्पष्ट होता: कुणाला उभं करायचं नाही, बसवायचं नाही, जसा रस्ता असेल तसा टिपायचा. पण त्या क्षणी मला तो नियम आठवला असता तरी मी तोंड उघडलं नसतं. सोजरमायनी लुगडं नीट केलं, पदर डोक्यावर घेतला. मग म्हणाल्या, "रेनूचं बिंदगं उंबऱ्यावर ठेवा. मदोमद. तिला लगीच दिसू द्या."

आप्पांनी ते लहानसं बिंदगं उचलून उंबऱ्याच्या मध्यावर ठेवलं.

मी यंत्र चढवलं, पट्टे आवळले आणि मागे जाऊन गल्लीच्या टोकाला उभी राहिले. वळून पाहिलं तर बिंदगं उंबऱ्यावर नव्हतं. आप्पांनी ते नेऊन सोप्याच्या कोपऱ्यात, पडक्या दिवळीच्या खाली एका उंचशा चपट्या दगडावर ठेवलं होतं आणि वाकून ते नीट बसतंय का बघत होते. खाली ठेवलेलं भांडं बघावं तसे नाही. झोपलेल्या मुलाचं पांघरूण सारखं करावं तसे.

"तिथं कशापायी ठेवलाव पुन्हा?" सोजरमायना मान वळवून तिकडे दिसत होतं.

"उंबऱ्यावर पाय लागंल कुनाचा."

"कुनाचा लागनार हाय हितं? दरसाली तुमचं तेच."

आप्पांनी मागून येऊन बायकोच्या काखेत हात घातले, तिला आपल्या छातीशी टेकवून उचललं आणि चौकटीत उभं केलं. सोजरमायचे पाय जमिनीला लागले होते, पण त्यांच्यात जोर नव्हता; सगळा भार आप्पांच्या हातांवर. सोजरमायनी एक हात चौकटीला लावला. ओठ दाबून धरले आणि नजर गल्लीकडे लावली.

मी चालू लागले. बेताने, यंत्र हलू नये म्हणून. त्यांच्यापुढून जाताना मान वळवायची नसते, तरी मी बघितलंच. तिचा चेहरा उभं राहण्याच्या कळेने पांढराफटक झाला होता आणि ती हसत होती. तिच्या खांद्यावरून दिसणारे आप्पा मात्र गल्लीकडे बघत नव्हते. ते कोपऱ्याकडे बघत होते.

निघताना सोजरमायनी माझा हात धरला. "फोनात आलं की मला दाखवायला यायचं. माज्याजवळ तसला फोन न्हाई."

मी शब्द दिला. आप्पा ओढ्यापर्यंत पोचवायला आले. गाडीपाशी येऊन म्हणाले, "ताई, तो फोटू बघून खरंच कोन यील का?"

"सांगता येत नाही आप्पा. जगभर दिसतो. कुणी सांगावं?"

त्यांनी मान हलवली. मला वाटलं, म्हाताऱ्याला आशा वाटतेय. त्यांचा चेहरा मी तेव्हा साफ चुकीचा वाचला.

फोटो नकाशावर यायला पावसाळा उजाडला. त्या भागात दुसऱ्या कामासाठी गेले होते, उमरग्याच्या लॉजवर चहा पिता पिता सहज टॅबवर तांबरखेड उघडलं. आप्पा म्हणाले होते तस्संच आलं होतं. नवं गाव आख्खं ओस, कुलपं आणि रांगोळ्या. आणि ओढ्यापलीकडच्या पडक्या गल्ल्यांमध्ये धूर, खोपी, माणसं. ज्याला माहीत नाही तो म्हणेल, लोक अजून जुन्यातच राहतात आणि नवं गाव भूकंपात गेलं.

मग चौकट आली. चौकटीत हिरव्या लुगड्यातली उभी बाई. तिच्या तोंडाच्या जागी पुसट डाग, तिच्या मागे आप्पांच्या तोंडाच्या जागी दुसरा. आणि तिसरा डाग सोप्याच्या कोपऱ्यात, दिवळीखाली, जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर.

तिथे कुणी नव्हतं. मी स्वतः तिथून चालले होते. क्षणभर खरंच अंगावर काटा आला. मग डोकं ठिकाणावर आणलं. दगडावर ठेवलेलं ते लहान बिंदगं. तांबूस काव, त्यावर चुन्याचे ठिपके, वर डोक्याला बांधावं तसं कापड. यंत्राला ते तोंड वाटलं आणि त्याने झाकलं. असं होतं कधी कधी. देवळातल्या मूर्ती झाकतं, जाहिरातीतल्या नट्या झाकतं. अशी चूक दिसली की आम्ही कळवायची आणि मग ती दुरुस्त होते. मी ठरवलं, मावशींना दाखवून येते, मग कळवते.

नव्या गावात त्या दिवशी भरपूर माणसं होती. पोरं गाडीमागे धावली. आप्पांच्या घरी सोजरमाय खिडकीजवळच्या पलंगावर होत्या. मला बघून असा आनंद झाला त्यांना, की आधी चहा ठेवायला सांगू की फोटो बघू, हेच त्यांना ठरवता येईना. शेवटी चहा बाजूला राहिला. मी पलंगावर त्यांच्याजवळ बसले आणि टॅब त्यांच्या मांडीवर ठेवला. आप्पा उभे राहूनच बघत होते.

मी त्यांना ओढ्यापासून बोटाने पुढे पुढे नेलं. त्या प्रत्येक वळणाला ओळखत होत्या. "हे महादेवाचं देऊळ. हे कासाराचं घर. सावकाश जा की गं." मग चौकट आली आणि त्या थांबल्या.

"उभी हाय की मी," त्या म्हणाल्या. तेवढंच. हात तोंडावर नेला.

बराच वेळ त्या स्वतःकडे बघत राहिल्या. मग नवऱ्याला म्हणाल्या, "तुमचंबी झाकलंय बघा तोंड." आणि मग त्यांची नजर कोपऱ्यात गेली. बोट तिकडे सरकलं. डाग मोठा झाला.

"हे कोन?"

मी डाग लहान करायला बोट पुढे केलं.

"हितं कोन व्हतं गं?" त्यांचा आवाज बदलला. "यंत्र मानसाचंच तोंड झाकतंय, म्हनलीस न्हवं तू?"

"मावशी, ते खरं तर..." मी सांगायला सुरुवात केली आणि आप्पांकडे पाहिलं.

आप्पा भिंतीला टेकले होते. त्यांचे डोळे त्या डागावरून हलत नव्हते. मी कधी कुणा माणसाला इतकं भ्यालेलं पाहिलं नाही. म्हणजे भुताला भ्यालेलं नव्हे. पंचवीस वर्षं दाबून ठेवलेली गोष्ट आपोआप वर आली, असं त्यांना वाटलं असावं.

"तिथंच गावली मला ती," ते म्हणाले.

सोजरमायनी मान वर केली नाही. खिडकीबाहेर पोरं माझ्या गाडीच्या खांबाला दगड मारत होती, त्याचा आवाज येत होता.

"कवा?"

"दुसऱ्या दिशी. ऊन कलल्यावर."

"जिती व्हती?"

"न्हाई."

"अंगावर काय व्हतं?"

"पिवळा फराक."

"कंचा?"

"बाही शिवलेला."

"मीच शिवली व्हती," सोजरमाय म्हणाल्या. "झोपायच्या आदी. दिव्यात." मग, "तोंडाला लागलं व्हतं?"

"न्हाई. माती व्हती निस्ती. मी पुसलं." आप्पा बोलता बोलता खाली बसले, जमिनीवर, पलंगाच्या पायाशी. "झोपल्यावानी व्हती. मग मीच झाकलं, माज्या उपरन्यानं. लई मानसं व्हती, सोजर. लाकडं पुरंनात. सगळ्यांसंगं दिलं तिला. कुनाला येगळं देता आलं न्हाई."

"आन् मला म्हनलाव, गावली न्हाई."

"डाक्टर म्हनले, आत्ता सांगू नका, हिचा जीव जाईल. म्हनलं, बरी झालीस की सांगीन. मग तू म्हनलीस, संस्थावाल्यांनी नेली आसंल. त्या दिशी तू पैल्यांदा दूध पिलीस. मग मी रोज म्हनायचो, उद्या सांगीन." ते रडत होते, रडताना तोंडावर हात घेतला नव्हता. "बिंदगं मला दुसरीकडं ठेववत न्हाई. तू म्हन्तीस उंबऱ्यावर ठेवा. हातच धजत न्हाई माजा."

सोजरमायनी टॅब बाजूला ठेवला. खाली वाकल्या, आणि नवऱ्याच्या पाठीवर जोराने हात मारला. मग पुन्हा मारला. "एकट्यानं," त्या म्हणत होत्या. "एकट्यानं ठेवलाव, एवडी वर्सं. मी तिकडं वाट बघायची आन् तुमी एकटे." तिसऱ्यांदा उचललेला हात त्यांनी आप्पांच्या सदऱ्यात तसाच घट्ट धरून ठेवला. मग दोघंही रडू लागली. मी उठून मोरीपाशी गेले आणि उगाच भांडी विसळत बसले, कारण त्या खोलीत माझं काहीच काम नव्हतं आणि निघून जायला पाय उचलत नव्हते.

मी परत आले तेव्हा सोजरमायच्या मांडीवर पुन्हा टॅब होता. त्या तिसऱ्या डागावर त्यांनी अंगठा ठेवला होता, दाबून नाही, नुसता ठेवला होता.

"हे पुसतंय का पुन्हा?" त्यांनी विचारलं.

चूक कळवायला मला एक बटण दाबायचं होतं. डाग जाऊन तिथे मातीचं मडकं दिसलं असतं.

"नाही," मी म्हटलं. "पुन्हा कुणी येऊन नवे फोटो काढले तरच."

"मग तू पुन्हा येऊ नको, माय," सोजरमाय म्हणाल्या. "भेटायला ये. कवाबी ये. ते पाठीवरचं घेऊन येऊ नको."

त्यानंतरच्या वेळ अमावस्येला आप्पांचा फोन आला. पुतण्याच्या फोनवरून, ओढ्यापलीकडून, मधेच आवाज तुटत होता. म्हणाले, यंदा त्यांनी बिंदगं हातात घेतलं तर सोजरमाय म्हणाल्या, द्या इकडे, आणि मला तिथं न्या. दिवळीखाली नेऊन बसवलं. त्यांनी स्वतःच्या हाताने दगडावर ठेवलं, कापड सारखं केलं आणि जेवणाची वेळ होईपर्यंत तिथेच बसून राहिल्या.

त्या भागाचे फोटो आता जुने झालेत. कंपनीतून दोनदा विचारणा झाली, तांबरखेडला पुन्हा जायचं का म्हणून. दोन्ही वेळा मी कळवलं की ओढ्यापलीकडे जायला वाट उरलेली नाही.